राणीच्या हातचा घास

एका राज्यात राणीच्या हातचा घास खाल्ल्यावाचून माणूस माणसांत धरलं जात नसे. मूल पहिल्यांदा जेवायला बसे, तेव्हा पहिला घास राणीचा. नवरी उंबरा ओलांडून आत येई, तेव्हा पहिला घास राणीचा. शिपाई मोहिमेला निघे, कुणी अंथरुणाला खिळे, म्हातारं माणूस हाय खाऊन बसे, की राणीची पालखी त्याच्या दारी येई. राणी चांदीच्या वाटीत दहीभात कालवी, गुलाबपाण्यात बोटं बुडवी, पाची बोटांनी घास करी आणि "घे राजा" म्हणून भरवी. याला राजघास म्हणत. त्या राज्यात लोक राजाला भीत आणि राणीवर जीव टाकत.

हा मान सगळ्यांना होता. सगळ्यांना म्हणजे वेशीच्या आतल्या सगळ्यांना. वेशीबाहेर टोपल्या विणणाऱ्यांची वस्ती होती. त्यांच्या टोपल्या राजवाड्यात चालत, ती माणसं चालत नसत. नगराच्या विहिरीवर त्यांना पाय ठेवायची बंदी होती, म्हणून ती दूर डोंगरातल्या झऱ्यावरून पाणी आणत. राजघास त्यांच्या वाट्याला कधी आला नाही. त्यांनी तो मागितलाही नाही.

राजाचं नाव प्रसेन, राणीचं रेवती. त्यांना उशिरा झालेली एक मुलगी होती, कुंदा. ती अजून अंगावरचं दूध पीत होती.

प्रसेन राजानं एका दूरच्या नगराला वेढा घातला, नगर जिंकलं आणि खजिना घेऊन तो परतला. राणी त्याला छावणीतच सामोरी गेली. तिथं जेवली, तिथं राहिली, आणि घरी आल्यावर तापानं फणफणली. जाते की राहते असं झालं, पण ती वाचली. राज्यात हत्तीवरून साखर वाटली गेली. मग विजयाची मेजवानी झाली, आणि नुकत्याच उठलेल्या राणीनं अख्ख्या सैन्याला आपल्या हातानं एकेक घास भरवला. लोकांनी ते पाहून डोळे पुसले.

त्यानंतर राज्यात ज्वर आला.

आधी डोकं दुखे, मग अंग तापे, मग पोटात कळा येत आणि माणूस भलतंसलतं बरळू लागे. काही उठत, बरेच उठत नसत. चितांना लाकूड पुरेना, तेव्हा प्रेतं माळावर टाकू लागले. राणीनं मात्र हात आखडला नाही. ज्या घरात ज्वर शिरे तिथं ती हजर होई, रोग्याला घास भरवी, घरातल्या धडधाकट पोरांनाही भरवी. एवढं पुण्य करूनही ज्वर हटेना, याचं लोकांना फार नवल वाटे.

दरबारात तीन मांत्रिक होते. पहिला म्हणाला, "लुटीच्या खजिन्याला शाप आहे." राजानं खजिना नदीच्या डोहात बुडवला. ज्वर राहिला. दुसरा म्हणाला, "वारा दूषित आहे." राजानं खिडक्या लिंपून घेतल्या आणि घरोघर गुग्गुळ जाळला. ज्यांना ताप नव्हता ते धुरानं खोकू लागले. ज्वर राहिला. तिसरा विकटदेव. तो सगळ्यांत शहाणा, म्हणून सगळ्यांत शेवटी बोलला.

"महाराज, वेशीच्या आत घरटी मरण आहे. वेशीबाहेरच्या वस्तीत एक प्रेत नाही. जे मरत नाहीत, तेच मारत आहेत."

हे सभेला ताबडतोब पटलं. अशा गोष्टी पटायला वेळ लागत नाही. राजकन्येच्या उष्टावणाचा दिवस ठरला होता. त्याच दिवशी दुपारी वस्तीला माणसांसकट आग लावायची, राज्य शुद्ध करायचं आणि मग मुलीला राणीनं पहिला घास भरवायचा, असं ठरलं.

वस्तीचं राणीला वाईट वाटलंच. पण खरं सांगायचं तर आधी तिला आपली मुलगी दिसली. वस्ती जळाली आणि ज्वर तरीही राहिला, तर? ती राजापुढे उभी राहिली.

"महाराज, मला त्या दिवसापर्यंत मुदत द्या. शापाचं मूळ मी आणून दाखवते. दाखवलं, तर आग लावायची नाही."

"दिली," राजा म्हणाला. "पण त्या दिवशी सूर्य माथ्यावर आला की मशाली पेटतील."

राज्याच्या टोकाला एक कडा होता. त्यावर एक गिधाड राही, इतकं जुनं की त्याच्या मानेवर शेवाळ उगवलं होतं. ते बोलत असे. त्या काळी ज्याच्यापाशी बोलण्यासारखं काही होतं, ते बोले. मेलेलं प्रत्येक माणूस कशानं मेलं हे गिधाडाला ठाऊक असतं, म्हणून राणी त्याच्याकडे गेली. कुंदाला दाईच्या स्वाधीन केलं आणि एकटी कडा चढली.

"ये राणी," गिधाड म्हणालं. "तुझे आमच्यावर उपकार आहेत. यंदा आमच्यात कुणी उपाशी नाही."

राणीनं तो बोल गिळला. "हा शाप कुणाचा, ते सांग."

"सांगून पटणार नाही. तीन कामं कर, मग विचारायची गरज राहणार नाही. ज्या चुलीवर ज्वराच्या माणसासाठी पेज शिजली नाही, त्या चुलीजवळचं मीठ आण. हे पहिलं काम."

राणी पायी नगरात शिरली. घरोघरी गेली. सावकाराच्या चुलीवर पेज, पुजाऱ्याच्या चुलीवर पेज, सेनापतीच्या चुलीवर पेज, आणि काही घरांत चूलच थंड. जिथं जाई तिथं लोक तिचा हात धरून रडत आणि घास मागत. हिंडता हिंडता नगर संपलं. मग जन्मात पहिल्यांदा ती वेस ओलांडून पलीकडे गेली.

पहिल्याच खोपटाच्या अंगणात येसू नावाची बाई बांबू सोलत बसली होती. कडेवर गुटगुटीत पोर होतं. राणीला पाहून ती दचकून उठली.

"बाई, तुझ्या घरचं चिमूटभर मीठ देतेस?"

"आमच्या घरचं? राणीसरकार, बाटाल की!"

"तुमच्यात ज्वर कुणाला आला का?"

"न्हाई जी. आमच्याकडं कोन येतंय? ज्वर तरी कशाला यील?"

येसूनं करवंटीत मीठ घातलं, करवंटी जमिनीवर ठेवली आणि लांब झाली. राणीनं ती उचलली. याच अंगणात मशाली पडणार होत्या. राणीला ते ठाऊक होतं, येसूला नव्हतं. राणीला त्या पोराकडे बघवेना. काहीतरी द्यावं म्हणून तिनं शिदोरीतली भाकर काढली, दह्यात कुस्करली आणि घास त्या पोराच्या तोंडाशी नेला.

येसू दोन पावलं मागे सरली. "नगं जी. कुनी पाह्यलं तर माज्या लेकराला झोडपत्याल. तुमच्या हातचं आमाला न्हाई चालत."

राणीचा हात तसाच राहिला. तिला आपल्या राज्याची लाज वाटली. असं वाटायला तिला फार उशीर झाला होता, पण वाटली.

गिधाडानं मिठाकडे पाहिलंही नाही. म्हणालं, "लुटीचं सोनं ज्यानं पाठीवरून वाहून आणलं, आणि तरीही ज्याला ताप आला नाही, असा शिपाई शोध. तो कशाला मुकला, ते त्याला विचार. हे दुसरं काम."

असा एकच शिपाई जिवंत होता. रायाजी त्याचं नाव. घाटावरच्या चौकीत, एका जोडीदाराबरोबर, तो पहाऱ्यावर होता. सैन्य परतताना त्याला तिथंच ठेवलं होतं आणि मग त्याची आठवण कुणाला राहिली नव्हती.

"सोनं मी वाहिलं, सरकार," तो म्हणाला. "उशाला घेऊन झोपलो. शाप असता तर पहिला मी गेलो असतो."

"मग वेढ्यात काय घडलं?"

रायाजीनं मान खाली घातली. "नगर झुंजत हुतं. वेढा फुटंना. तवा महाराजांनी मेलेली मानसं त्येंच्या विहिरींत टाकवली. त्यात तापानं मेलेली बी हुती. मग नगर आजारी पडलं. दरवाजा उघडाया एक म्हातारी आली. हातात रिकामी घागर. आमच्यापाशी चांगलं पानी मागू लागली. मग आमीच तितं राहिलो आन् सैन्य त्याच विहिरींचं पानी प्यालं. माज्या घशाखाली उतरंना. मी लांबच्या ओढ्यावर जायचो."

"आणि इथं ठेवल्यामुळं तू कशाला मुकलास?"

रायाजीचे डोळे भरून आले. एवढा आडदांड गडी, पण लहान पोरासारखा रडला. "राजघासाला मुकलो, सरकार. समद्यांना तुमच्या हातचा घास मिळाला. माझंच नशीब फुटकं."

राणीचा जीव कळवळला. शिदोरीत दहीभात होता. तिनं झऱ्यात बोटं बुडवली, पाची बोटांनी घास केला आणि "घे राजा" म्हणून भरवला. रायाजीनं डोळे मिटून तो सावकाश खाल्ला. आपल्या हातून आज एक तरी चांगलं काम झालं, असं राणीला उतरताना वाटत होतं.

ती कड्यावर पोचली. रायाजीनं सांगितलं ते तिनं सांगितलं आणि घास भरवल्याचंही सांगितलं.

गिधाडानं मान पंखात घातली. मग त्याच्या डोळ्यातून एक थेंब दगडावर पडला आणि काजळासारखा घट्ट झाला.

"हे अंजन डोळ्यांत घाल. मी जे पाहतो ते तुला दिसेल. चंद्र पुरता भरू दे, मग घाटावर परत जा. त्या शिपायाच्या ओठांवर जे दिसेल, ते आणखी कुठं कुठं आहे ते शोध. आणि सगळ्यांत आधी कुठं होतं, तेही शोध. हे तिसरं काम."

"तो आजारी आहे?"

"आज नाही," गिधाड म्हणालं.

राणी थांबली नाही, घाटाकडे धावली. रायाजी ठणठणीत होता. तिला पाहून हसला. तिला आशा वाटली, आणि त्या आशेवर ती चौकीतच राहिली. चंद्र भरत आला तसं त्याचं डोकं दुखू लागलं. मग अंग तापलं. मग तो अंथरुणावरून उठेना.

राणीनं अंजन घातलं.

रायाजीच्या ओठांवर जीव होते. मोहरीचा दाणा कुटून कुटून पीठ केलं तरी त्या पिठाचा कण त्यांच्यापुढे डोंगर ठरेल, इतके बारीक. ते हलत होते. एकाचे दोन होत होते, दोनाचे चार. तिनं वाऱ्याकडे पाहिलं. वारा स्वच्छ होता. रायाजीच्या दंडावर लुटीतलं सोन्याचं कडं होतं, तेही स्वच्छ. त्याच्या मळलेल्या धोतरावर मात्र जिवांचा बुजबुजाट होता. ते धोतर जोडीदारानं उचललं होतं, तर त्याच्या नखांत जीव होते. त्याच हातानं त्यानं माठातून पाणी काढलं होतं, तर माठात जीव होते. चौकीवर थांबलेला वाटसरू त्या माठातलं पाणी प्यायला निघाला, तेव्हा राणीनं पेला हिसकावून जमिनीवर ओतला. कुणी मंत्र म्हणत नव्हतं, कुणी करणी करत नव्हतं. एक माणूस दुसऱ्याची मनापासून सेवा करत होता आणि ज्वर त्याच्या हातावर बसून पुढे चालला होता.

पण पहिल्यांदा आला कुठून? तिनं कपाळावरचा घाम पुसायला हात वर केला, आणि तो तसाच धरून राहिली.

तेच जीव तिच्या नखांत होते. तिच्या पाची बोटांवर होते. तिनं बरोबरच्या कुपीतल्या गुलाबपाण्यात बोटं बुडवली, तर ते गुलाबपाण्यात पोहू लागले. तिनं कढत पाणी आणि राख घेऊन हात लाल होईस्तोवर घासले, तेव्हा ते गेले. सकाळी देहधर्म उरकून आली, तर पुन्हा होते. तिचा ताप गेला होता, ज्वर गेला नव्हता. तो तिच्या पोटात घर करून राहिला होता, आणि तिला काही होत नव्हतं.

मग तिला एकेक तोंड आठवू लागलं. नवऱ्या आठवल्या, म्हातारी माणसं आठवली, आ करून बसलेली पोरं आठवली. ती ओरडली असती, पण रायाजीनं डोळे उघडले.

"राणीसरकार, तुमच्या हातचा घास मिळाला," तो म्हणाला. "आता काय बी हरकत न्हाई."

त्याला काय सांगायचं? संध्याकाळी तो गेला. गिधाडाकडे राणी परत गेली नाही. विचारायचं काही उरलं नव्हतं.

उष्टावणाच्या दिवशी ती दरबारात पोचली तेव्हा सूर्य माथ्यावर येऊ लागला होता. वेशीपाशी मशाली तेलात बुडवून ठेवल्या होत्या. कुंदा पाटावर दाईच्या मांडीत बसली होती, समोर चांदीची वाटी होती. आईला पाहून ती झेपावली. राणीनं हात पाठीमागे घेतले.

"शापाचं मूळ आणलंस?" राजानं विचारलं.

"आणलं आहे." राणीनं दोन्ही हात पुढे केले. "हे पाहा."

तिनं सगळं सांगितलं. ओठांवरचे जीव, धोतर, नखं, माठ. येसूचं पोर का वाचलं आणि रायाजी का मेला. शेवटी ती म्हणाली, "खजिन्याला शाप नव्हता, महाराज. विहिरीत प्रेतं आपण टाकवलीत. त्या नगरानं आपल्याला शाप द्यायची गरजच नव्हती. आपण पेरलं आणि मी घरोघर वाटलं."

विकटदेव उठला.

"राणीचा हात पवित्र आहे. हात दूषित म्हणणं म्हणजे धर्म दूषित म्हणणं. वस्तीवाल्यांनी मीठ दिलं, त्या मिठातून यांच्या बुद्धीवर करणी झाली आहे. मशाली पेटवा, महाराज!"

सभा गलबलली. "पेटवा, पेटवा," असा आवाज झाला. राणीनं चांदीची वाटी ओढून घेतली. दहीभात कालवला, पाची बोटांनी घास केला आणि विकटदेवासमोर जाऊन उभी राहिली.

"हात पवित्र आहे ना? मग आ करा."

विकटदेवानं घासाकडे पाहिलं. "आज माझा उपवास आहे," तो म्हणाला.

राणी दुसऱ्या मांत्रिकाकडे वळली. "मी दुसऱ्याच्या हातचं खात नाही," तो म्हणाला. ती पहिल्याकडे वळली. तो आधीच खांबाआड गेला होता. मग ती सभेकडे वळली, आणि कालपरवापर्यंत तिचा हात धरून घास मागणारी ती सगळी माणसं एकेक पाऊल मागे सरली. कुणी तोंडावर उपरणं धरलं. राणी हातात घास घेऊन सभेच्या मधोमध एकटी उभी राहिली.

कुणी पुरावा मागितला नाही. राजा जागचा उठला आणि म्हणाला, "मशाली विझवा."

असा शाप मोडला. राजघास बंद झाला. ज्यानं त्यानं आपल्या हातानं जेवावं, जेवणाआधी आणि देहधर्मानंतर राखेनं हात धुवावे, पाणी उकळून प्यावं, रोग्याचे कपडे कढत पाण्यात घालावे, त्याची घाण खोल पुरावी, अशी दवंडी पिटली गेली. ज्वर हळूहळू उतरला. गिधाडं माळावरून उठून दुसऱ्या राज्यात गेली. विकटदेवानं सगळीकडे सांगितलं, की त्याच्या उपवासानंच हे घडलं, आणि त्याला नवीन शाल मिळाली.

वस्ती जळाली नाही. ती जळणार होती हे वस्तीला कुणी सांगितलंच नाही. डोंगरातला झरा निर्मळ आहे असं कळल्यावर राजानं त्याला कुंपण घातलं आणि तो नगरासाठी राखून ठेवला. वस्तीनं सगळ्यांचं पाणी भरून झाल्यावर भरावं, असं ठरलं. राणी त्यावर बोलली. दरबार म्हणाला, हातांचं तुम्हाला कळतं, झऱ्याचं आम्हाला कळतं. राज्यात सगळं पुन्हा जागच्या जागी आलं ते असं.

आणि राणी? तिच्या पोटातला पाहुणा गेला नाही आणि डोळ्यातलं अंजन पुसलं गेलं नाही. तिला सगळ्यांच्या हातांवरचं दिसे. बागेच्या टोकाच्या महालात ती वेगळ्या चुलीवर, वेगळ्या भांड्यांत जेवे. पालखी तिच्याकडे कुणी पाठवत नसे. ज्या दारांतून तिला सोडत नसत, त्या दारांवरून ती गेली, तर आता आया पोरांना आत ओढत. कुंदाला पहिला घास दाईनं पळीनं भरवला. राणीनं तो खांबाआडून पाहिला. तिला खूप रडू आलं.

कुंदा मोठी झाली. धावू लागली, बोलू लागली, प्रश्न विचारू लागली. एके दिवशी आपली थाळी घेऊन ती बागेच्या टोकाला आली आणि आईसमोर मांडी घालून बसली.

"आई, दाई म्हणते तू सगळ्या राज्याला भरवायचीस. मला एकदाही का नाही भरवलंस?"

राणीचे हात पदराखाली गेले.

कुंदानं थोडा विचार केला. मग आपल्या थाळीतला भात कालवला, इवल्या पाची बोटांनी वेडावाकडा घास केला आणि आईच्या तोंडाशी नेला. "तू नाही ना भरवत? मग मी भरवते. आ कर."

राणीनं त्या बोटांकडे नीट निरखून पाहिलं. ती स्वच्छ होती. तिनं आ केला, ओठ त्या बोटांना लागणार नाहीत असं जपून घास घेतला, आणि तो गिळायला तिला फार वेळ लागला.

"गोड आहे?" कुंदानं विचारलं.

"फार गोड," राणी म्हणाली. "आता जा. हात धुऊन ये."